वजन 95 किलो, रस्ता खडकाळ आणि मागचं चाक कुरकुरतंय? एमटीबीच्या चाकाचं गणित समजून घ्या

डॉक्टर सांगतात, वजन कमी करा. जिमला जायला वेळ नसतो आणि पळायला गेलं की गुडघे बोंबलतात. मग घरात ठराव पास होतो, सायकल घ्यायची. गडी दुकानात जातो. रस्त्यावरचे खड्डे आठवून पातळ टायरची सायकल नको वाटते, म्हणून जाड टायर आणि पुढं सस्पेन्शन असलेली एमटीबी म्हणजेच माउंटन बाइक पसंत पडते. दुकानदार रंग दाखवतो, गिअर मोजून दाखवतो आणि शेवटी एक प्रश्न विचारतो, "सव्वीस, साडेसत्तावीस का एकोणतीस?"

प्रश्न चुकीचा नाही. पण ज्याचं वजन 95 किलो आहे आणि ज्याला रविवारी सिंहगडाच्या आजूबाजूच्या मुरमाड वाटांवर सायकल घालायची आहे, त्याच्यासाठी हा तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिले दोन कुणी विचारतच नाही. चाकात तारा किती आहेत आणि त्या ओढल्यात कशा? टायर किती रुंद आहे आणि त्यात हवा किती?

या दोन गोष्टींकडं लक्ष नाही दिलं की काही महिन्यांत मागच्या चाकातून 'टिंग' असा आवाज येतो. एक तार तुटलेली असते. ती बदलून आणली की काही दिवसांत शेजारची जाते. घरी तुटली तर ठीक, पण घाट उतरताना तुटली आणि चाक डगमगायला लागलं तर थेट हाडांशी गाठ असते. आणि अगदी काही झालं नाही तरी दर आठवड्याला दुकानात जाऊन वैतागलेला माणूस सायकल बाल्कनीत लावतो, तिच्यावर टॉवेल वाळत घालतो. वजन जिथं होतं तिथंच राहतं.

म्हणून विषय मुळापासून बघायला हवा.

चाक उभं कशावर राहतं?

बैलगाडीचं चाक डोळ्यासमोर आणा. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले जाडजूड लाकडी आरे. गाडीचं वजन तुंब्यावर येतं, तिथून खालच्या आऱ्यावर जातं आणि आरा खांबासारखा ते पेलतो. सोपं आहे.

आता सायकलची तार बघा. जेमतेम 2 मिलिमीटर जाडीची. ती जमिनीवर उभी करून वरून हातानं दाबली तरी वाकेल. मग अशा 32 तारा शंभर किलोचा माणूस कसा पेलतात?

तर त्या आधीच ताणलेल्या असतात. चांगल्या बांधलेल्या चाकात एकेका तारेवर साधारण 100 ते 120 किलो वजन टांगल्याइतका ताण असतो. सगळ्या तारा मिळून रिमला आतल्या बाजूला खेचून धरतात. तुम्ही सीटवर बसता तेव्हा जमिनीजवळच्या तीन-चार तारांचा ताण थोडा कमी होतो, बाकीच्यांना फारसा फरक पडत नाही. म्हणजे वजन पेलणं याचा इथला अर्थ, खालच्या तारांनी आपला थोडा ताण सोडणं. जॉब्स्ट ब्रँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं 1981 साली आलेल्या 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात हे आकड्यांसकट मांडलं होतं आणि आजही चाक बांधणारे लोक त्या पुस्तकाचा दाखला देतात.

आता चाक फिरतं. म्हणजे प्रत्येक तार फेऱ्यात एकदा सैल पडते, परत ताणली जाते. 29 इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण 2.3 मीटर. एका किलोमीटरमध्ये चाक 435 वेळा फिरतं. पुणे ते लोणावळा आणि परत अशी 130 किलोमीटरची राइड मारली तर एकेक तार 56 हजारांहून जास्त वेळा सैल-घट्ट होते. लोखंडी तार हातानं पुढं-मागं वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते, तसाच हा प्रकार. तार एका मोठ्या दणक्यानं तुटणं तसं कमी बघायला मिळतं. ती थकून तुटते, आणि बहुतेक वेळा हबजवळच्या वाकलेल्या टोकाला तुटते.

इथं एक गोष्ट भल्याभल्यांची उलटी समजूत असते. जास्त ओढलेली तार तुटेल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात सैल तार आधी तुटते, कारण ती प्रत्येक फेऱ्यात पूर्ण मोकळी पडते आणि हबच्या भोकात हलत राहते. आणि माणूस जितका वजनदार, तितका प्रत्येक फेऱ्यातला हा झोका मोठा.

मग जास्त तारा असल्या की काम झालं का?

निम्मं झालं. तारा जास्त असल्या की प्रत्येकीच्या वाट्याला कमी ओझं येतं, हे खरंच आहे. एमटीबीच्या चाकात साधारण 28, 32 किंवा 36 तारा असतात. 60-65 किलोच्या रायडरला 28 तारांचं चाक आरामात चालतं, त्यानं 36 च्या मागं लागणं म्हणजे उगाच जड चाक फिरवणं. 75-85 च्या घरात 32 हा सरळ पर्याय. 95 च्या पुढं वजन असेल आणि वाट खडकाळ असेल तर मागं 36 किंवा मग नीट हातानं बांधलेलं 32 तारांचं चाक. 'नीट हातानं बांधलेलं' यावर जोर द्या. कारण आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त एमटीबींमध्ये मुळातच 36 तारा असतात आणि तरी त्या तुटतात.

कारण ही चाकं मशीनवर भराभर बांधलेली असतात. रिम सरळ दिसते, पण एक तार कडक आणि तिच्या शेजारची ढिली असं चाललेलं असतं. काम कडक तारा करतात, थकतात मात्र ढिल्या. नवीन सायकल पहिले शे-दोनशे किलोमीटर चालली की तारा आपापल्या जागी बसतात आणि ताण आणखी उतरतो. सायकल ऑनलाइन मागवून घरीच जोडली असेल तर हा ताण तपासायला कुणी हातच लावलेला नसतो.

दुकानात जाऊन "आऊट काढून द्या" म्हटलं की मिस्त्री रिम फिरवतो, जिथं घासते तिथं चावी मारतो आणि दहा मिनिटांत चाक सरळ करून देतो. पण चाक सरळ असणं आणि ताण सारखा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागायचं ते दुसरं. "सगळ्या तारांचा ताण सारखा करून द्या" असं स्पष्ट सांगायचं. चांगल्या दुकानात ताण मोजायचं मीटर असतं. काही शे रुपयांत होणारं हे काम आहे, आणि नवं चाक घेण्याआधी वजनदार माणसानं पहिल्यांदा हेच करावं.

घरी तपासायचं असेल तर नखानं तार छेडायची, तंबोऱ्याची छेडतात तशी. चाकाच्या एका बाजूच्या सगळ्या तारांचा सूर साधारण सारखा यायला हवा. एखादी 'ठप्' वाजली की ती ढिली. फक्त मागच्या चाकात उजव्या आणि डाव्या बाजूची तुलना करू नका. उजवीकडं गिअरची चकती बसवायला जागा सोडलेली असते, त्यामुळं तिकडच्या तारा जास्त कडक असतात आणि डावीकडच्या मुळातच सैल. ते तसंच असतं.

तारा बदलायची वेळ आलीच तर आणखी एक उलटं वाटणारं गणित आहे. टोकांना 2 मिलिमीटर आणि मध्ये 1.8 मिलिमीटर अशा, पोटात बारीक असलेल्या तारा मिळतात, त्यांना बटेड स्पोक म्हणतात. बारीक म्हणजे कमजोर असं वाटतं. पण दणका बसला की हा मधला बारीक भाग रबरासारखा किंचित ताणला जातो आणि वाकलेल्या टोकावरचा मार हलका होतो. वजनदार रायडरसाठी सरसकट जाड असलेल्या साध्या तारांपेक्षा या जास्त टिकतात. घेताना स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. कोकणात राहत असाल तर यावर चर्चासुद्धा नको.

वजन म्हणजे फक्त तुमचं नाही

कंपन्या वजनाची जी मर्यादा देतात ती बऱ्याचदा 'सिस्टिम वेट' असते. रायडर, सायकल, बॅग, पाणी सगळं धरून. 95 किलोचा माणूस, 15 किलोची सायकल, 5 किलोचं सामान म्हणजे 115. सपाटीला बसून चालवताना यातलं साठेक टक्के मागच्या चाकावर येतं, म्हणजे जवळपास 69 किलो. तारा मागच्याच का तुटतात याचं उत्तर इथं मिळतं.

सायकलच्या किंवा चाकाच्या माहितीपत्रकात 1 ते 5 अशी श्रेणीही दिलेली असते. 1 म्हणजे फक्त डांबरी रस्ता. 2 मध्ये कच्चा रस्ता आणि 15 सेंटीमीटरपर्यंतच्या उड्या. 3 म्हणजे खडकाळ वाटा आणि 60 सेंटीमीटरच्या आसपासच्या उड्या, 4 मध्ये त्याच्या दुप्पट आणि 5 म्हणजे डोंगरावरून बेफाम उतरणारी मंडळी. जाड टायर आणि आक्रमक स्टिकर लावलेल्या अनेक स्वस्त एमटीबी या हिशेबात 2 मध्ये बसतात. पुस्तिका कुणी वाचत नाही ही वेगळी गोष्ट.

रिमच्या बाबतीत एकच आग्रह धरा, डबल वॉल. रिमच्या आत दुसरा थर असतो, त्यामुळं खड्ड्यात आपटली तरी ती सहज चेपत नाही. सिंगल वॉल रिम शंभर किलोच्या माणसाला घेऊन खडकावर टिकायची नाही. एक लक्षात असू द्या, चाक उभ्या दणक्याला जबरदस्त असतं आणि आडव्या दणक्याला लेचंपेचं. उडी मारून तिरकं खाली आलं की महागातलं चाकसुद्धा पापडासारखं वाकडं होतं.

आणखी एक दुखणं आहे, ज्याचं खापर कायम चाकावर फुटतं. 7 गिअरच्या बऱ्याच सायकलींमध्ये मागं फ्रीव्हील असतं, म्हणजे गिअरची गड्डी हबवर आट्यांनी फिरवून बसवलेली. या रचनेत उजव्या बाजूचे छर्रे हबच्या आत राहतात आणि त्यांच्या पुढं ॲक्सलचा मोठा तुकडा आधाराशिवाय बाहेर येतो. वजनदार माणूस, खड्डे, दणके. ॲक्सल वाकतो, कधीकधी मोडतो. फ्रीहब असलेल्या चाकात बेअरिंग अगदी टोकाजवळ असतं, त्यामुळं ॲक्सलला आधार मिळतो. 90 किलोच्या पुढच्या माणसाला सायकल घेताना जास्तीचे पैसे कुठं टाकायचे असा प्रश्न पडला तर उत्तर हे आहे. 21 का 24 गिअर याच्या आधी फ्रीव्हील का फ्रीहब ते विचारा.

आता दुकानदाराच्या प्रश्नाकडं

26 इंच आलं कुठून? सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीमध्ये काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन माउंट टॅमलपायसच्या परिसरात डोंगर उतरायची. त्या सायकलींना 26 इंची चाकं होती. त्यातूनच माउंटन बाइक जन्मली आणि पुढची तीसेक वर्षं 26 हेच माप चाललं. त्यामागं शास्त्र कमी होतं आणि योगायोग जास्त.

29 इंची चाक दगडावरून सहज जातं असं म्हणतात. ते खरं आहे, पण किती? 10 सेंटीमीटरचा दगड समोर आला तर 26 इंची चाक त्याला साधारण 45 अंशांत भिडतं, 29 इंची साधारण 43 अंशांत. फरक आहे, जादू नाही. खरा फायदा आहे तो वेग टिकण्यात आणि छोट्या खड्ड्यांत चाक कमी घुसण्यात. तोटा असा की 29 च्या तारा 27.5 पेक्षा जवळपास 2 सेंटीमीटरनं लांब असतात, म्हणून तितक्याच तारांचं मोठं चाक आडव्या दणक्याला थोडं कमजोर पडतं. हा तोटा भरून काढायला हब रुंद करण्यात आले, त्याला बूस्ट म्हणतात. त्यात तारांचा पाया दोन्हीकडं 3-3 मिलिमीटरनं पसरतो.

2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये यारोस्लाव कुल्हावीनं 29 इंची चाकांवर सुवर्ण जिंकलं आणि एका सेकंदानं मागं राहिलेला निनो शुर्टर 27.5 वर होता. एका सेकंदावरून काय ते भांडा.

तुमच्यासाठी हिशेब साधा आहे. उंची पाच फूट सात इंचांच्या पुढं असेल आणि लांब राइड करायच्या असतील तर 29 घ्या. उंची कमी असेल तर 27.5 वर सायकल हातात राहते. 26 ची जुनी सायकल घरात असेल तर ती विकायची गरज नाही, छोटं चाक मुळातच मजबूत असतं. फक्त चांगले टायर मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. आणि टायर घेताना इंचावर जाऊ नका, टायरच्या कडेला 57-622 असा आकडा असतो तो बघा. पहिला रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 26 ला दुसरा आकडा 559, 27.5 ला 584 आणि 29 ला 622.

हवा किती?

कोपऱ्यावरच्या पंपवाल्याचा नियम एकच, अंगठ्यानं दाबून दगड लागला पाहिजे. एमटीबीसाठी हा नियम वाईट. टायर दगडासारखा असला की खडकाचा प्रत्येक दणका रिम, तारा आणि तुमच्या मनगटापर्यंत पोचतो. चाकाचं पहिलं सस्पेन्शन टायरमधली हवा आहे.

मागच्या चाकावर 69 किलो आणि टायरमध्ये 30 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण 2.1 किलो. टायर जमिनीला टेकतो ती जागा झाली 33 चौरस सेंटीमीटर. एटीएम कार्डापेक्षाही लहान. आता 60 किलोच्या माणसानं त्याच सायकलवर तेवढीच जागा मिळवायची म्हटली तर त्याला 21 पीएसआय पुरतात. म्हणूनच मित्राला विचारून हवा भरू नका, मित्राचं वजन विचारा.

95 किलोच्या रायडरनं 2.25 ते 2.4 इंच रुंद टायर घ्यावा, ट्यूब असेल तर मागं 34-35 पासून सुरुवात करावी, पुढं तीन-चार कमी. मग दर राइडला 2 पीएसआय उतरवत जायचं. रिम दगडावर आपटायला लागली किंवा ट्यूबला सापाच्या दातांसारखी जोडीनं भोकं पडली की समजायचं, फार उतरलो. एवढा टायर बसवायला रिमची आतली रुंदी 25 ते 30 मिलिमीटर हवी. जुन्या 19 मिलिमीटरच्या रिमवर रुंद टायर कमी हवेत वळणावर लोळतो.

आणि देशावर बाभळीचे काटे आहेत. सोलापूर, नगर, मराठवाड्यात शेताच्या बांधावरून सायकल घालणाऱ्याला पंक्चरची संख्या विचारू नये. तिथं ट्यूबलेस आणि आत सीलंट हा खर्च वसूल होतो. सीलंट उन्हाळ्यात लवकर सुकतं, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावं लागतं. कोकणात जांभ्याच्या धारदार कडा टायरची बाजू कापतात, म्हणून कडा जाड असलेला टायर बघा, भले तो शे-दीडशे ग्रॅम जड असो. काळ्या मातीत पावसाळ्यात कुठलंच चाक चालत नाही. माती फ्रेममध्ये भरते, चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर येते. रुंद टायरला तर ती आधी भरते.

इथंच फॅट बाइकचा विषय काढावा लागतो. "वजन जास्त आहे ना, मग ही घ्या" असं सांगून 4 इंची टायरची सायकल वजनदार माणसाच्या गळ्यात मारली जाते. तो टायर वाळू आणि बर्फासाठी बनलाय. गणपतीपुळ्याच्या वाळूत मजा येईल, पण कात्रजच्या चढाला तीच सायकल जीव काढते. आणि टायर जाड आहे म्हणून आतले हब, ॲक्सल आणि तारा दणकट असतीलच असं नाही. स्वस्त फॅट बाइकमध्ये पैसा दिसणाऱ्या रबरावर गेलेला असतो.

सामान लादून लांब जायचं असेल तर

दरवर्षी इथून बरीच मंडळी मनाली-लेह करायला जातात. वाटेत तांगलांग ला आहे, 5,300 मीटरच्या आसपास. मागच्या कॅरिअरला 15-20 किलोच्या बॅगा लागल्या की वर 69 किलोचा जो हिशेब केला तो 80 च्या पुढं जातो, आणि रस्ता कुठं डांबरी, कुठं नुसते गोटे. 70 किलोचा रायडरसुद्धा इथं वजनदार रायडर होतो. अशा ट्रिपला मागं 36 तारा, निघायच्या महिनाभर आधी ताण तपासून घेतलेला, आणि शक्य असेल तर थोडं सामान पुढच्या चाकावर.

सोबत चार-पाच तारा ठेवायच्या, फ्रेमच्या मागच्या दांडीला टेपनं चिकटवून. मागच्या चाकाच्या दोन बाजूंच्या तारांच्या लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असू शकतो, म्हणून आधी मोजून दोन्ही मापांच्या घ्यायच्या. उजवीकडची तार बदलायला गिअरची गड्डी उतरवावी लागते, त्याचा पाना हवा. तो नसेल तर तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळायची, म्हणजे ती कुठं अडकणार नाही. मग तुटलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंच्या तारा अर्धा-अर्धा आटा सैल करायच्या, जेणेकरून चाक निदान फ्रेमला घासणार नाही. डिस्क ब्रेक असेल तर एवढ्यावर पुढचं गाव गाठता येतं. उतार मात्र हळू घ्यायचा आणि मागच्या बॅगा जोडीदाराच्या सायकलवर टाकायच्या.